वरच्या हॉटेलात जावं का

धाकट्याच्या हातातून ताट पडलेलं जगात कुणी पाहिलेलं नाही. समुद्र खवळलेला, जहाज पाळण्यासारखं झुलतंय, बाकीचे वेटर खांबाला मिठी मारून उभे, आणि हा गडी खांद्यावर झाकलेल्या थाळ्यांचा भलाथोरला ट्रे घेऊन किचनचा जिना चढून वर यायचा. टेबलावरच्या कापडाला थेंब लागायचा नाही. मोठमोठ्या हॉटेलांच्या कॉलेजातून शिकून आलेली पोरं तोंडात बोट घालून बघत राहायची.

ते कॉलेजात शिकवत नाहीत. ते या घरात शिकवतात. बापाची बस स्टँडसमोर खानावळ होती, सहा टेबलांची. दोघं भाऊ शाळेतून आले की दप्तर कोपऱ्यात आणि हातात ताटं. थोरल्याची शाळा सातवीला सुटली, धाकटा दहावीला आपटला. पण वाढण्यात दोघांनाही पैकीच्या पैकी. थोरल्याला एखादा मार्क जास्तच, ते असो. बाप एकच गोष्ट सांगायचा. आपल्या टेबलावर बसलेला माणूस उठून दुसऱ्याच्या टेबलावर गेला, तर समजायचं आपण मेलो.

बाप गेला, खानावळ थोरल्याकडे आली. सहा टेबलांवर दोन संसार चालत नाहीत. धाकटा जहाजावर गेला. पर्यटकांना घेऊन समुद्रात फिरणारं ते जहाज, आत अख्खं गाव मावेल एवढं. तिथं तो खालच्या मजल्यावरच्या मोठ्या हॉलात वेटर झाला आणि तिथंच त्याचे केस पिकायला लागले.

आता त्या जहाजावरच्या जेवणाची रीत ऐका, म्हणजे पुढचं कळेल. तिकिटात जेवण आलेलं असतं. ते खालच्या हॉलात. रोज तेच टेबल, तोच वेटर, सफर संपेपर्यंत. पण सगळ्यात वरच्या मजल्यावर एक छोटं हॉटेल आहे, चारी बाजूंनी काचेचं. तिथं जेवायचं तर वेगळे पैसे. तिथं थाळी गरम करून देतात. सूप टेबलाशी आणून, किटलीतून समोर ओततात. माशाचे काटे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत काढतात. वेटर काळ्या जाकिटात असतात आणि मोठ्यानं हसत नाहीत.

त्यामुळं पहिल्या संध्याकाळी नॅपकिन मांडीवर पडायच्या आत प्रत्येक टेबलावरून एकच प्रश्न यायचा.

"काय हो, ते वरचं हॉटेल कसं आहे? पैसे वसूल होतात का?"

कंपनीनं उत्तर पढवलेलं होतं. "फारच छान आहे साहेब, एकदा तरी जाऊन याच." बाकीचे वेटर पोपटासारखं तेच म्हणायचे. धाकटा म्हणायचा, "जा की. पण आजचा दिवस इथं बसा. उद्याही जावंसं वाटलं तर जागा मी धरून देतो."

आणि मग तो वाढायला घ्यायचा. थाळ्या किचनमधल्या भट्टीशेजारी रचून ठेवायचा, म्हणजे त्या गरम राहायच्या. सूप पातेलीतून टेबलाशी ओतायचा. मासा आला की दोन चमच्यांनी काट्याचा अख्खा सांगाडा एका ओढीत उचलायचा, आणि लहान पोरं असली तर तो सांगाडा त्यांच्याकडे बघून मान हलवायचा. कुणाला मीठ कमी, कुणाला पावाची कड लागते, हे त्याला एका जेवणात पाठ व्हायचं. दुसऱ्या दिवशी वरच्या हॉटेलाचं नावही कुणी काढायचं नाही.

असा त्याचा दबदबा. तो तसाच राहिला असता, पण गुडघ्यांनी दगा दिला.

किचन हॉलच्या खालच्या मजल्यावर. प्रत्येक ट्रे जिन्यानं वर आणायचा. आधी डावा गुडघा कुरकुरायला लागला, मग उजवा. आतली गादी झिजली होती. बंदरावरच्या एका डॉक्टरनं गुपचूप सांगितलं की ती काही परत यायची नाही. जहाजावर कुणाला सांगायची सोय नव्हती. ज्याला जिना चढता येत नाही त्याला पुढच्या बंदरावर उतरवतात आणि पुन्हा बोलवत नाहीत. त्यानं पट्ट्या बांधल्या, गोळ्या खाल्ल्या आणि मूग गिळून बसला. फक्त त्याच्या जोडीदाराला माहीत होतं. टेबलावर पाणी आणि पाव द्यायचं काम करणारा हा जोडीदार. भरघोस मिशांमुळं सगळे त्याला मिशी म्हणायचे.

"असं किती दिवस रेटणार?" मिशी विचारायचा.

"वर जागा मिळेपर्यंत."

कारण वरच्या हॉटेलचं किचन भिंतीपलीकडेच होतं. जिना नाही, ट्रे नाही. दोन हातांत दोन थाळ्या, चार पावलं, झालं. तिथं गेला असता तर आणखी कितीतरी वर्षं निघाली असती. आणि तिथला एक वेटर घरी गेल्यानं जागा रिकामी झाली होती.

हॉलच्या मॅनेजरला सगळे इस्त्री म्हणायचे. त्याच्या अंगावर कधी चुणी दिसली नाही, कपाळावरसुद्धा नाही. जेवणाआधी सगळ्या वेटरांना रांगेत उभं करून नखं बघायचा. एका संध्याकाळी नखं बघता बघता म्हणाला, "वरची जागा कुणाला द्यायची, सोपं आहे. या सफरीत ज्याची जास्त माणसं वर जातील, तो वर." मग धाकट्याच्या नखांशी थांबला. "तुझ्या टेबलावरनं गेल्या खेपेला किती गेले?"

"कुणी नाही, साहेब."

"का?"

"बसले आपले. आवडलं त्यांना."

"आवडणारच. वरचं सगळं तू खाली फुकटात करतोस. गरम थाळी काय, काटे काय. मग वर कुणी जायचं, मी आणि कॅप्टननं?"

रांग हसली. धाकटाही हसला. पण इतक्या वर्षांची जी फुशारकी, तीच त्याची वाट अडवून उभी होती.

बंदर लागलं तसा त्यानं थोरल्याला फोन लावला. सगळं सांगायचं असं ठरवून लावला होता. थोरला खानावळीच्या गल्ल्यावर बसलेला, मागं भांड्यांचा आवाज, आणि थोरल्याचा आवाज त्याच्याही वर.

"दादा, एक विचारायचं होतं."

"आधी माझं ऐक. काल समोरच्या कापडवाल्याला म्हटलं, माझा भाऊ वाढतो तिथून आजवर माणूस उठून गेलेला नाही. तो म्हणे, वरती म्हणे भारी हॉटेल असतं. म्हटलं, असू दे. माझ्या भावाचं टेबल सोडून जाणारा अजून जन्माला यायचाय. बरोबर का नाही?"

"बरोबर."

"मग? तू काय म्हणत होतास?"

"काही नाही. वहिनी बऱ्या आहेत ना?"

"ठणठणीत. तू तब्येतीला जप. आणि मान ताठ ठेव, कळलं का."

फोन ठेवला. थोरल्याला त्या वेळी कळलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. पण गुडघ्याचं अवाक्षर तो बोलला नाही, आणि बोलला नाही तर कळणार कसं. थोरल्याला हजार गोष्टी कळतात, पण फोनमधून गुडघा दिसत नाही.

नवी सफर सुरू झाली. धाकट्याच्या टेबलावर पाच माणसं. एक ठेकेदार आणि त्याची बायको, एक नवं जोडपं, आणि शाळेच्या बाई. बाई दरवर्षी यायच्या, नवऱ्याला घेऊन. दोघं मास्तर, दोघं रिटायर. नवरा जेवताना मुद्दाम चमचा चुकीच्या हातात धरायचा आणि बाई डोळे वटारायच्या. या खेपेला बाई एकट्याच आल्या. धाकट्यानं शेजारची खुर्ची काढून घ्यायला हात घातला, तर म्हणाल्या, "राहू दे रे. जागा लागत नाही ना कुणाला?"

"नाही बाई."

"मग राहू दे. मुलगा म्हणत होता जाऊ नकोस. म्हटलं, तिथं आपला माणूस आहे."

पहिल्याच जेवणाला ठेकेदारानं प्रश्न टाकला. "वरचं घ्यावं का? पैसे वसूल आहेत का?"

"फारच छान आहे साहेब," धाकटा म्हणाला. "एकदा तरी जाऊन याच."

मिशीनं पाण्याचा जग तसाच हातात धरून त्याच्याकडे बघितलं.

पण नुसतं म्हणून कोण जातं? माणूस जीभ सांगते ते करतो. आणि जिभेला इथलंच बरं वाटलं, तर कानात कितीही ओता. हे धाकट्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. मग त्यानं जे केलं, ते दुसऱ्या कुठल्या वेटरला सुचलं नसतं. कारण दुसऱ्याला त्याची गरजच पडली नसती. बाकीचे मुळातच तसं वाढत होते. धाकट्यानं वाईट वाढायला घेतलं.

जिन्याच्या तोंडाशी एक जाड खांब होता. सूप घेऊन वर आला की तो त्या खांबामागं थांबायचा. वाफ बघत. वाफ मेली की निघायचा. थाळ्या भट्टीशेजारून काढून बर्फाच्या पेटीजवळ ठेवल्या. पाव विसरायचा. मासा काट्यांसकट ठेवून पाठ वळवायचा. चांगलं वाढताना त्याला आयुष्यात कधी विचार करावा लागला नव्हता. वाईट वाढताना मात्र सदरा घामानं पाठीला चिकटायचा. हात आपोआप माशाकडे जायचा आणि त्याला तो मागं ओढावा लागायचा.

"काय चाललंय तुझं?" मिशीनं खांबामागं गाठलं.

"सूप निववतोय."

"वेडबिड लागलं का?"

"तू पाणी दे. पाण्याचं काम तुझं."

काम झालं. नवं जोडपं दुसऱ्याच दिवशी वर गेलं आणि सफरभरासाठी तिथलीच जागा धरून आलं. ठेकेदारानं आणखी एक रात्र वाट बघितली. मग बायकोला म्हणाला, "हाच ना गं तो? सगळे म्हणत होते याच्यासारखा वेटर नाही." बायको म्हणाली, "म्हातारा झाला असेल." धाकटा दोन हात मागं उभा होता. दुसऱ्या दिवशी तेही वर गेले.

रांगेत इस्त्रीनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "शिकलास. एवढंच तर करायचं होतं. आता ती म्हातारी तेवढी पाठव, टेबल मोकळं कर, आणि चल वर."

राहिल्या बाई. मोठं गोल टेबल, त्याच्यावर एक माणूस आणि चार रिकाम्या खुर्च्या. पाचवी, नवऱ्याची, वेगळी. बाई ताठ बसून जेवायच्या, वर्गात बसल्यासारख्या. गार सूप शेवटच्या थेंबापर्यंत प्यायच्या. काटे स्वतः काढायच्या, हळूहळू, चष्मा सरकवून. एक काटा घशाशी अडला तेव्हा पावाचा तुकडा मागायला त्यांनी मान वर केली. पाव आणलेला नव्हता. पाणी पिऊन त्यांनी तो गिळला आणि धाकट्याकडे बघून हसल्या, जणू चूक त्यांचीच.

धाकटा जवळ गेला.

"बाई, तुम्हीही वर जाऊन बघा की. फार छान आहे."

"तिथं कोण ओळखीचं आहे माझ्या?"

"ठेकेदार आहेत. ते जोडपं आहे."

"ती माझी ओळख आहे होय? अरे, मी काय खायला येते का इथं?" मग आवाज खाली करून म्हणाल्या, "तुला मी नकोशी झालेय का? एकटीसाठी एवढं टेबल अडवून बसते म्हणून?"

"नाही हो बाई. तसं नाही."

"मग मी इथंच बरी आहे."

तो मागं वळला. त्या क्षणी खरं सांगून टाकलं असतं तर बाई वर काय, जहाजाच्या धुराड्यावर जाऊन बसल्या असत्या त्याच्यासाठी. पण पुढचा पदार्थ आणायला तो जिना उतरला आणि वर येताना पुन्हा खांबामागं थांबला.

त्या हॉलच्या भिंतींना आरसे आहेत. सगळीकडे, छतापर्यंत. इतकी वर्षं त्यानं ते आरसे पुसून घेतले होते, पण गिऱ्हाइकाच्या खुर्चीत तो कधी बसला नव्हता. वेटरला तिथं बसायला बंदी. त्यामुळं बाईंच्या खुर्चीतून समोरच्या आरशात खांबामागचा माणूस पायापर्यंत दिसतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. बाईंना रोज दिसत होतं. ट्रे कठड्यावर टेकवलेला, एका पायावर भार, डोळे मिटलेले, दुसरा हात गुडघ्यावर. तो वाफ मरायची वाट बघत होता आणि थांबलाच आहे म्हणून पायाला जरा आराम देत होता. बाईंना फक्त दुखरा पाय दिसला.

"पाय दुखतो का रे?" त्यांनी एकदा विचारलं.

"छे, बाई."

मास्तरीणबाई त्या. उभा जन्म पोरांचं खोटं ऐकण्यात गेलेला. दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर त्या काठी टेकत इस्त्रीच्या केबिनमध्ये गेल्या. तक्रार करायला नाही. त्या म्हणाल्या, तुमचा हा माणूस आजारी आहे. त्याच्या हातचं सूप कधी गार यायचं नाही, आता रोज येतं, कारण बिचारा जिना चढून आला की खांबाला धरून उभा राहतो. गुडघे गेलेत त्याचे. तो सांगणार नाही, तो त्यातला नाही. तुम्ही त्याची काळजी घ्या, डॉक्टरला दाखवा. मी गार सूपही पिईन, पण त्याच्याकडे बघवत नाही.

इस्त्रीनं ऐकून घेतलं आणि त्यांना दारापर्यंत सोडलं.

दुपारी जहाजाच्या डॉक्टरनं धाकट्याला बोलावलं. पट्ट्या सोडायला लावल्या. गुडघा वाकवून बघितला, दाबून बघितला. मग सांगितलं, "उठ-बस करून दाखव." धाकटा बसला. उठताना त्यानं टेबलाची कड धरली. डॉक्टरनं टेबल बाजूला सरकवलं आणि म्हणाला, "आता."

त्याला उठता आलं नाही. डॉक्टरनंच काखेत हात घालून उठवलं.

इस्त्री बाहेर उभा होता. "मला आधी सांगायचं होतंस," एवढंच म्हणाला. मग जाता जाता, "वरची जागा तुझीच होती. आज सांगणार होतो." तो खोटं बोलत नसावा. तशा माणसाला खोटं बोलायची गरज नसते.

पुढच्या बंदराला उतरायचं ठरलं. मधल्या दिवसांत त्याला हॉलात पाऊल टाकू दिलं नाही. बाईंच्या टेबलावर मिशी एकटाच वाढत होता. मिशीनं येऊन सांगितलं की त्यानं पहिल्या दिवशी बाईंच्या मांडीवर अर्धं भांडं ओतलं आणि त्या काही बोलल्या नाहीत. धाकट्याला हसू आलं नाही.

उतरायच्या दिवशी बाई धक्क्यावर टाकलेल्या फळीच्या तोंडाशी येऊन थांबल्या होत्या. त्यांना वाटत होतं, कंपनी त्याला उपचाराला पाठवतेय. चेहरा नुसता उजळला होता.

"बरं झालं की नाही? तू काय बोलला नसतास. शेवटी मीच गेले मॅनेजरकडे. भला माणूस आहे, लगेच ऐकलं त्यानं."

धाकट्याच्या हातात बॅग होती. ती त्यानं खाली ठेवली.

"तुम्ही गेला होतात होय."

"मग कोण जाणार? आता नीट आराम कर. पुढच्या वर्षी मी येईन तेव्हा मला सूप कढत लागेल, सांगून ठेवते."

सांगायला त्याच्याकडे सगळं होतं. खांब, वाफ, बर्फाची पेटी. तो वाकला, गुडघ्यात कळ आली तरी वाकला, आणि म्हणाला, "उपकार झाले, बाई."

हे त्याच्या जागी दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. या घरातल्या माणसालाच जमतं.

फळी उतरायला लागला तेव्हा बाईंनी मागून हाक मारली. "अरे, काल मी वर गेले होते. तू नव्हतास ना खाली, म्हणून गेले."

तो वळला. "कसं होतं?"

बाईंनी थोडा विचार केला. खरं सांगायची सवय, दुसरं काय. "जेवण चांगलं होतं रे. सगळं वेळेवर आलं. काटे काढून दिले त्यांनी."

"मग वसूल झाले पैसे."

"हो," बाई म्हणाल्या. "झाले."

घरी येऊन आता बरेच महिने झाले. बायकोशी बोलतो, पोरीशी बोलतो, कामापुरतं. सकाळी खानावळीत येतो आणि आतल्या बाजूच्या बाकावर बसतो. थोरल्यानं पहिल्यांदा ओरडून बघितलं, मग समजावून बघितलं, मग एक दिवस ताट त्याच्या हातात ठेवलं. इथं जिना नाही, चार पावलांवर टेबल. धाकट्यानं ताट घेतलं, बघितलं आणि परत दिलं. "दादा, माझा हात बाटला," म्हणाला. "गुडघ्याचं काही नाही. गुडघा गेला तो गेला. पण हात मी स्वतः बाटवला." त्या दिवशी त्यानं सगळं सांगितलं, खांबापासून फळीपर्यंत. थोरला कधी गप्प बसत नाही, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. त्या दिवशी गल्ल्यावर बसून तो नुसते सुटे पैसे मोजत राहिला.

मागच्या आठवड्यात समोरचा कापडवाला बायकोला घेऊन आला. पोरानं दोघांना जहाजाची तिकिटं काढून दिली होती. खुर्ची ओढून धाकट्याच्या समोरच बसला.

"तुझ्याइतकं कोण जाणतं? तेवढं सांग. ते वरचं हॉटेल असतं ना, वेगळे पैसे घेतात. घ्यावं का? की तिकिटातलं खालीच जेवावं?"

धाकटा भिंतीकडे बघत होता. "मी तिथं कधी जेवलो नाही," म्हणाला. "आम्हाला बसू देत नाहीत."

"अरे, पण ऐकून तर असशील. लोक काय म्हणायचे?"

तो उठला. भिंतीला हात लावत, एकेक पाय टाकत, मागच्या दारानं बाहेर गेला.

कापडवाला थोरल्याकडे बघायला लागला. "काय झालं याला? मी काय वाईट विचारलं?"

"काही नाही," थोरला म्हणाला. "वरचंच घ्या."

"पण तूच म्हणायचास ना, खालच्यासारखं कुठं नाही म्हणून?"

"म्हणायचो. खाली बसायचं जे कारण होतं, ते आता त्या बाकावर असतं. तुम्ही वर जा."